नदीने घातलेला चष्मा

त्या दोघांच्या संसारात भांडायला विषय फारसे उरले नव्हते. मुलगी शिकून परगावी नोकरीला लागली होती. घराला गळती नव्हती, तब्येतीची कुरकुर नव्हती, आणि भाजीत मीठ कमीजास्त झालं तरी कुणी ताट ढकलून उठत नसे. राहता राहिला विषय जगाचा. तो मात्र रोज सकाळी चहाबरोबर निघायचा.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून आख्खी गल्ली त्यांना चष्मेवाले म्हणायची. बायको शाळेत भूगोल शिकवायची, म्हणून ती बाई. बाई सकाळी टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसत आणि वाचता वाचता मोठ्यानं बोलत. कुठे दुष्काळ, कुठे लढाई, कुठे जंगलच्या जंगल पेटलेलं.

"अहो, ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"मग काय वाटतं तुम्हाला?"

"चहा गार होतोय असं वाटतं."

की बाई चिडल्याच. त्या नुसतं वाचून हळहळणाऱ्यातल्या नव्हत्या. दर शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत मदत समितीची बैठक भरे, तिथे त्या न चुकता जात. सह्या गोळा करत, कपडे निवडत, औषधांची खोकी बांधत. चष्मेवाल्यांना त्याचं कौतुक होतं, पण ते दुरून. त्यांचं म्हणणं असं, की जगाचा गाडा काही आपल्या धक्क्यानं हलायचा नाही. दुकानात चाचपडत आलेल्या माणसाला बाहेर पडताना समोरच्या घराची पाटी वाचता आली, की आपलं त्या दिवसाचं काम झालं.

मुलगी गेली तेव्हा तिचा व्हिडिओ गेमचा डबा मागे राहिला होता. एकदा त्याची धूळ झटकताना चष्मेवाल्यांचा हात बटणावर पडला, समोरच्या पडद्यावर समुद्र उघडला, आणि ते फडकं हातात घेऊनच खाली बसले. तेव्हापासून दुकान बंद करून आलं की जेवणापर्यंतचा वेळ त्या समुद्राचा झाला.

खेळ साधा होता. एक छोटी शिडाची होडी, तिच्यात दोन माणसं. एकानं सुकाणू धरायचं, दुसऱ्यानं शीड सांभाळायचं आणि पुढे नजर ठेवायची. या बेटावरचा माल त्या बेटावर न्यायचा. वारा कधी फिरेल सांगता येत नसे, आणि जोडीदारही आपल्याला निवडता येत नसे. जगभरातून जे कुणी त्या वेळी खेळत असतील त्यांतून खेळच चिठ्ठी टाकून एकाला शेजारी आणून बसवी. पटलं तर पुन्हा एकत्र निघायचं, नाही पटलं तर रामराम.

"जगात काय चाललंय आणि तुम्ही होडी वल्हवत बसलाय," बाई म्हणत.

"शिडाची आहे. वल्हवावी लागत नाही."

"तेच म्हणते मी! वारा नेईल तिकडे जायचं."

चष्मेवाल्यांना नेमकं तेच आवडे. दुकानात सगळं पाव नंबरापर्यंत चोख लागायचं. काच जरा तिरकी बसली की गिऱ्हाईक डोकं धरून परत यायचं. इथे मात्र एका झुळकेसरशी सगळा माल पाण्यात जाई, आणि चूक कुणाची हे शोधायची गरज नसे. बाईंना हे पटत नसे. जगात माणसांचं जे वाटोळं होतं ते बहुतेक वेळा दुसऱ्या माणसांमुळे होतं, आणि नशीब हा शब्द हात झटकायला बरा पडतो, असं त्यांचं मत होतं.

"मी कुठे हात झटकतोय?" चष्मेवाले म्हणत. "हे बघ, सुकाणू आहे हातात."

अशाच एका संध्याकाळी चिठ्ठीतून कासव आलं. खेळणाऱ्यानं स्वतःसाठी एक चित्र निवडायचं असे, या जोडीदारानं कासव निवडलं होतं. ते शिडाच्या दोरीपाशी बसायचं आणि वाऱ्याचा रंग बदलायच्या आतच शीड उतरवायचं. उतावीळपणा नाही, बडबड नाही. चष्मेवाल्यांना वाटलं, हे कुणीतरी कामातलं माणूस आहे. पुढे रोज त्या दोघांचीच होडी निघू लागली.

बोलायचं तर टंकून बोलायचं, आणि भाषांतराचं काम यंत्र करायचं. कुणी कुठल्याही भाषेत लिहिलं तरी समोरच्याला आपल्या भाषेत दिसे, पण निम्मा अर्थ वाटेतच सांडलेला असे. एकदा कासवानं लिहिलं, "आज वारा माझी सासू आहे." चष्मेवाले इतके हसले, की होडी वाळूत रुतली. कासवाला खरंच तसं म्हणायचं होतं की हा यंत्राचा आगाऊपणा, ते मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. दुसऱ्या एका दिवशी कासवानं आपल्या गावाचं नाव आणि ते कुठल्या नदीवर आहे ते सांगितलं. त्यांनी "छान" म्हणून सोडून दिलं.

आणि मग कासव यायचं थांबलं.

पहिले काही दिवस त्यांनी वाट पाहिली. खेळ दुसरे जोडीदार देत होता, पण एकेक नग. एकजण गंमत म्हणून सारखा पाण्यात उड्या मारी. दुसऱ्यानं सगळा माल समुद्रपक्ष्यांना खाऊ घातला. तिसरा बहुतेक झोपलाच असावा. चष्मेवाले खेळ अर्ध्यावर टाकून जेवणासाठी हात धुवायला जाऊ लागले.

एका सकाळी ते बाईंना म्हणाले, "अगं, त्या मोठ्या नदीचं काय झालंय?"

बाईंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण जगाची चौकशी या बाजूनं कधी आली नव्हती. "कुठली नदी?"

त्यांनी नाव सांगितलं. बाई उठून नकाशांचं पुस्तक घेऊन आल्या आणि चहाचे कप बाजूला सारून त्यांनी ते उघडलं. "वरच्या डोंगरात ढग फुटल्यासारखा पाऊस झालाय. चार दिवस मी वाचून दाखवतेय की तुम्हाला! हे बघा, नदी इथे वळते. वळणाच्या आतली जमीन सखल असते. पाणी वाढलं की आधी तिथं शिरतं." त्यांचं बोट जिथे टेकलं होतं तिथेच, वळणाच्या आत, एक छोटा ठिपका होता.

चष्मेवाल्यांनी आपला चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून ठिपक्याशेजारचं नाव वाचलं. "तिथे माझ्या ओळखीचं एक माणूस आहे," ते म्हणाले.

"नाव काय त्यांचं?"

"माहीत नाही. कासव म्हणतात."

बाई हसल्या नाहीत. त्या दिवसापासून वर्तमानपत्र बाईंच्या आधी चष्मेवाल्यांच्या हातात पडू लागलं. पूर ओसरला का, वीज आली का, पूल उभा आहे का, हे ते बारीक अक्षरांपर्यंत वाचत. ज्याचं नाव, वय, चेहरा, काहीच ठाऊक नाही, त्याची काळजी नेमकी कशी करायची असते हे त्यांना कळत नव्हतं. पण दुकानात काच घासता घासता ते मधेच थांबत. बाईंनी एकदाच तक्रार केली, "वाचा, पण नीट घडी घालून ठेवत जा. मला पानं जुळवायला लागतात."

बऱ्याच दिवसांनी कासव आलं. चष्मेवाल्यांनी "आलात!" एवढंच लिहिलं, कारण जास्त काही सुचेना. कासवानं लिहिलं, "आलो. पाणी गेले. चिखल राहायला आला आहे."

होडी निघाली, आणि थोड्याच वेळात खडकावर आदळली. खडक काही लपलेला नव्हता, पडद्याच्या मधोमध होता. पुन्हा निघाले, तर कासवानं तीन नंबरच्या बेटाऐवजी आठ नंबरच्या बेटाकडे शीड वळवलं. तिसऱ्यांदा धक्क्यालाच धडक. दुसरा कुणी असता तर चष्मेवाल्यांनी रामराम ठोकला असता. पण ते नुसते पाहत राहिले, दुकानात आलेला माणूस खुर्चीपर्यंत कसा चालतो हे पाहावं तसे. तीनचा आठ होतोय, हे त्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलं होतं.

त्यांनी लिहिलं, "तुमचा चष्मा कुठे आहे?"

 मग अक्षरं उमटली: "माझा चष्मा नदीने घातला आहे."

"अगं, इकडे ये," चष्मेवाल्यांनी हाक मारली. बाई ओल्या हातांनी आल्या आणि त्यांच्या मागे उभं राहून वाचू लागल्या.

हळूहळू सगळं कळलं. कासव ही एक बाई होती, बस चालवणारी. पाणी आलं त्या पहाटे ती घरातून माणसं बाहेर काढत होती, त्या गडबडीत चष्मा वाहून गेला. माणसं सगळी वाचली. आता ती टेकडीवर बहिणीकडे राहत होती, आणि तिची बसही टेकडीवरच्या आगारात सुखरूप होती. गावातल्या लोकांना दवाखान्यात, धान्याच्या केंद्रावर न्यायला बस हवी होती. पण तिच्याबरोबरचे बाकीचे बसचालक पांगले होते आणि तिला रस्त्याच्या कडा दिसत नव्हत्या. गावात एक चष्म्याचं दुकान होतं, तेही चिखलात गाडलेलं. ती बहिणीच्या घरी भिंतीवरच्या पडद्यावर लांबून खेळत होती, अक्षरं वाचायला तेवढी उठून जवळ जात होती. सगळ्यात शेवटी तिनं लिहिलं, "बस उभी आहे. मी पण उभी आहे."

"नंबर काय होता विचारा," बाई म्हणाल्या.

"कुणाला आठवतो नंबर? तुला आठवतो तुझा?"

बाईंना आठवत नव्हता.

मग चष्मेवाल्यांनी सांगायला सुरुवात केली. एक डोळा न दाबता झाकायचा. छापलेला कागद दुसऱ्या डोळ्याजवळ धरायचा आणि हळूहळू लांब न्यायचा. अक्षरांच्या कडा जिथे पुसट होतील तिथे थांबायचं आणि बहिणीला अंतर मोजायला सांगायचं. मग दुसरा डोळा. अंतर जितकं कमी, तितका नंबर जास्त. शेवटी दोन बुबुळांमधलं अंतर, तेही बहिणीनं पट्टी धरून मोजायचं. यंत्रानं या सूचनांचं तिकडे काय केलं असेल देव जाणे, कारण कासवानं विचारलं, "बहिणीला पण झाकायचे का?" पण आकडे आले, आणि पडताळायला पुन्हा मोजले तेव्हाही तेच आले.

"हे काही बरोबर नाही," चष्मेवाले मान हलवत म्हणाले. "डोळे समोर नसताना नंबर काढू नये. पण अंदाज निघतो. जवळपासच्या नंबरांचे तीन चष्मे करतो. ज्यानं लांबची पाटी स्वच्छ दिसेल आणि डोकं धरणार नाही, तो तिनं ठेवावा. आणि आधी रिकामी बस आगारात फिरवून बघायची. डोळ्यांचे डॉक्टर पोचले की पहिलं त्यांना दाखवायचं."

"आणि पाठवणार कसे? टपाल बंद आहे तिकडचं."

याचं उत्तरही बाईंकडेच होतं. त्या शनिवारी चष्मेवाले आयुष्यात पहिल्यांदा मदत समितीच्या बैठकीला गेले. त्यांना शेवटच्या रांगेत लोखंडी खुर्ची मिळाली. सभासदांच्या ओळखपत्राचा रंग कोणता असावा यावर चर्चा चालू होती आणि ती संपेना. त्यांचा डोळा लागायच्या बेतात असताना बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी विषय काढला. समितीचे चिटणीस म्हणाले, औषधांबरोबर सामान जातंय त्या खोऱ्यात, पण सुटा चष्मा कुठे हरवेल सांगता यायचं नाही. खोकं असेल तर नेतील.

"खोकं भरून कशाला लागतील चष्मे?" कुणीतरी विचारलं.

"पूर एकट्या तिच्याच घरात आला होता का?" बाई म्हणाल्या.

रविवारी दोघं दुकानात बसले. चष्मेवाल्यांनी लोकांचे जुने चष्मे गोळा करायला साफ नकार दिला. दुसऱ्याचा नंबर घालणं म्हणजे दुसऱ्याची कवळी बसवण्यासारखं, असं त्यांचं मत. त्याऐवजी त्यांनी वाचायचे तयार चष्मे काढले, लहान नंबरापासून मोठ्यापर्यंत. लांबचं न दिसणाऱ्यांसाठी नेहमी लागणाऱ्या नंबरांच्या काचा बसवल्या. फ्रेमा सगळ्या दुकानात पडून राहिलेल्या. त्यात काही जांभळ्या होत्या, एका गोडबोल्या विक्रेत्यानं गळ्यात मारलेल्या.

बाई चिठ्ठ्या चिकटवत होत्या. मधेच त्या थांबल्या. "एवढे लोक आहेत तिथं. हे म्हणजे दर्यात खसखस."

"खसखस ज्याच्या दातात अडकते त्याला विचार, लहान असते का ते."

बाई हसल्या, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. "ते नाही हो. तुमची चिठ्ठी निघाली म्हणून तिची ओळख झाली. दुसऱ्याची निघाली असती तर?"

चष्मेवाल्यांनी हातातली काच दिव्यासमोर धरली आणि पुसली. "तर मी त्याच्याबरोबर होडी चालवत बसलो असतो, आणि ही तिकडे चाचपडत राहिली असती. मला कळलंसुद्धा नसतं."

"हे आवडतं तुम्हाला?"

"नाही. पण तू रोज वाचतेस ते सगळं ऐकून मला कुठून हात घालावा तेच कळायचं नाही. आता एक टोक तरी हाताला लागलंय."

 बाईंनी तीन चष्म्यांचं पुडकं वेगळं बांधलं आणि त्यावर गावाचं नाव आणि 'बस चालवणारी' हे शब्द त्या देशाच्या लिपीत काढले. लिपी येत नव्हती, म्हणून पडद्यावरची अक्षरं त्यांनी चित्रासारखी बघून बघून रेखली, जीभ दातांत धरून.

खोकं गेलं. मग चिटणिसांचा फोन आला. रस्ता खचल्यामुळे सामानाची गाडी पुढे गेलीच नाही. अलीकडच्या छावणीतच सगळं उतरवलं आणि तिथेच वाटून टाकलं. त्यांनी एक फोटोही पाठवला. लाकडी बाकावर पाच-सहा म्हातारी माणसं ओळीनं बसली होती, सगळ्यांच्या डोळ्यांवर नवे चष्मे, आणि मधल्या आजोबांना जांभळा.

बाई खूश झाल्या. "किती शोभतोय बघा! बसले ना कुणाच्या तरी डोळ्यांवर?"

"बसले. पण तिच्या नाही बसले."

"पुन्हा पाठवू की."

चष्मेवाले फोटो मोठा करून पाहत राहिले. आजोबांच्या नाकावर फ्रेम जरा घसरत होती, दांडी किंचित वाकवायला हवी होती. त्यांना आनंद झाला होता, नाही असं नाही. पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या त्यांनी पुन्हा त्याच नंबराच्या काचा घ्यायला हात घातला.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी कासव खेळायला आलं. काही बोलणं न होता होडी निघाली. खोकं पोचलं नाही हे कोणत्या शब्दांत लिहावं, याचा चष्मेवाले विचार करत होते. वारा वाढला. समोर तोच खडक आला. त्यांनी आदळायची तयारी ठेवून सुकाणू घट्ट धरलं.

कासवानं शीड अर्धं उतरवलं आणि होडीनं खडकाला अलगद वळसा घातला.

"अगं!" चष्मेवाले ओरडले. "अगं, तिला दिसतंय!"

बाई धावत आल्या. पडद्यावर अक्षरं येत होती. छावणीत खोकं रिकामं करताना एका नर्सला तळाशी वेगळं पुडकं सापडलं. त्यावरची लिपी तिला वाचता आली, पण इतकी विचित्र, की लहान मुलानं लिहिलंय असं तिला वाटलं. तिनं ते एका नावाड्याला दिलं. नावाड्यानं पलीकडे दूधवाल्याला, आणि दूधवाल्यानं टेकडीवरच्या आगारात. मधला चष्मा अगदी बेताचा बसला होता. एक डोळ्यांचे डॉक्टर फिरत फिरत आले होते, त्यांनी तपासून 'चालव' म्हटलं. तीन दिवस बस चालू होती.

"लहान मूल म्हणे," बाई म्हणाल्या. पण त्या ओळी त्यांनी पुन्हा वाचल्या, आणि मग चष्मेवाल्यांच्या शेजारी बैठक मारली. "हे शीड कसं उतरवायचं असतं हो?"

त्यानंतर कासवाचं खेळणं कमी झालं. बसच्या फेऱ्याच इतक्या होत्या. कधीमधी सुटीच्या दिवशी ती यायची, एरवी चष्मेवाले चिठ्ठीत निघेल त्याच्याबरोबर जायचे. बाईंची समिती आता दर पुरानंतर औषधांच्या जोडीला वाचायचे चष्मे पाठवू लागली. बैठकीला मात्र चष्मेवाले पुन्हा गेले नाहीत. ओळखपत्राच्या रंगाचं अजून ठरायचं होतं.

मग एकदा कासवानं लिहिलं, "आमच्या गावचा चष्म्याचा माणूस माझ्या बाजूला बसला आहे. त्याच्या यंत्राच्या पोटात नदी आहे. तो विचारतो, काय करावे."

चष्मेवाले ताठ बसले. काच घासायचं यंत्र कुठल्या जातीचं, चाक फिरतंय की अडकलंय, गंज कुठवर चढलाय, असे प्रश्नांवर प्रश्न त्यांनी पाठवले. तिकडून उत्तरं आली, पण भाषांतराच्या यंत्रानं या यंत्राबद्दलच्या बोलण्याचा असा काही चिवडा केला, की कुणालाच काही कळेना. शेवटी ते उठले आणि चपला घालू लागले.

"कुठे निघालात?"

"दुकानात. आपलं यंत्र उघडतो. एकेक भाग सुटा करून फोटो पाठवले की त्याला दिसेल काय कुठे असतं ते. तू फोटो काढ."

सुटीचा दिवस होता. दुकानाचं दार अर्धं उघडं टाकून दोघं जमिनीवर बसली. चष्मेवाले स्क्रू काढून देत, बाई ते जुन्या वर्तमानपत्रावर ओळीनं मांडत आणि फोटो काढत. दोन गिऱ्हाइकं आत डोकावली आणि हा पसारा बघून आल्या पावली परत गेली. दुपार झाली तेव्हा यंत्राचा सांगाडा तेवढा उभा होता, बाकी सगळं जमिनीवर.

"हे परत जोडता येईल ना?" बाईंनी विचारलं.

"येईल बहुतेक," चष्मेवाले म्हणाले. त्यांच्या नाकाला तेल लागलं होतं. "तो पेचकस दे जरा. लहान."

पलीकडून निरोप आला, की चाक दिसलं, आता त्याच्या खालचं दाखवा. बाईंनी पदर खोचला आणि मोबाईल घेऊन त्या यंत्राच्या आत वाकल्या.